गावाशेजारची कंपनी आणि तिचे २ टक्के

गावाशेजारी मोठा कारखाना असला की काही गोष्टी हमखास दिसतात. शाळेच्या भिंतीवर कंपनीच्या नावाची पाटी, चौकात हायमास्ट दिवा, एसटी थांब्याजवळ पाणी शुद्ध करणारं आरओ यंत्र (बहुतेक वेळा बंद), आणि रस्त्याकडेला लोखंडी जाळीत वाळून उभं असलेलं रोप. ग्रामसभेत एक वाक्यही हमखास ऐकू येतं : ‘कंपनीचा सीएसआर गावाला मिळालाच पाहिजे, तो आपला हक्क आहे.’

तो खरंच हक्क आहे का? कायदा वाचला तर उत्तर गावाला आवडणार नाही. पण त्याच कंपनीकडून हक्काने मागता येतील अशा दुसऱ्या गोष्टी असतात, आणि त्या कुणी फारशा मागत नाही. सगळा घोळ इथे आहे.

सीएसआर म्हणजे उद्योगांचं सामाजिक उत्तरदायित्व. हा शब्द उच्चारायला जड म्हणून गावात सगळे सरळ ‘सीएसआर फंड’ म्हणतात, आणि मी पण तेच म्हणणार आहे. कारखानदाराने आसपासच्या लोकांसाठी काही करावं ही कल्पना जुनी आहे. जमशेदजी टाटांनी १९०२ मध्ये, पोलाद कारखान्याची जागासुद्धा ठरलेली नसताना, मुलाला पत्र लिहून बजावलं होतं की कामगारांच्या गावात रस्ते रुंद हवेत आणि त्यांच्या कडेला भराभर वाढणारी सावलीची झाडं हवीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर कारखान्याबरोबर अख्खी वसाहत वसवली. पण हा सगळा मालकाच्या मर्जीचा मामला होता. मालक बदलला की मर्जी बदलायची. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ ने मर्जीच्या जागी आकडा आणून ठेवला. १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झालं.

आकडा असा. मागच्या आर्थिक वर्षात कंपनीचं नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) ५०० कोटी किंवा त्याहून जास्त असेल, किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा जास्त असेल, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त असेल, तर ती या कलमाखाली येते. तिन्ही अटी एकदम लागत नाहीत, एक पुरते. अशा कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे. नफा इथे कर भरण्यापूर्वीचा धरतात, आणि परदेशातल्या शाखांचा नफा त्यातून वगळतात.

उदाहरण घेऊ. समजा एका कंपनीला तीन वर्षांत ४०, ६० आणि ८० कोटींचा नफा झाला. सरासरी ६० कोटी, त्याचे २ टक्के म्हणजे १ कोटी २० लाख. गावाला हा आकडा ऐकायला भारी वाटतो. पण हिशेब अख्ख्या कंपनीचा असतो, तुमच्या गावाजवळच्या एका कारखान्याचा नसतो. कंपनीचे पाच जिल्ह्यांत पाच कारखाने असतील आणि तिने पैसे सारखे वाटले, तर एका ठिकाणाला २४ लाख येतात. त्या कारखान्याभोवती आठ गावं असतील तर गावामागे ३ लाख. दारात रोज शेकडो ट्रक उभे राहतात त्यावरून लोक सीएसआरचा अंदाज बांधतात. ट्रक उलाढाल दाखवतात, सीएसआर नफ्यावर निघतो. हजार कोटींची उलाढाल करून तोट्यात असलेली कंपनी कायद्याच्या कक्षेत येते, पण सरासरी नफाच नसेल तर २ टक्के काढायचे कशाचे?

कंपन्यांची एक बाजूही इथेच सांगून टाकतो. हा खर्च धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा करता येत नाही, तशी तरतूद २०१४ मध्येच आयकर कायद्यात केली गेली. त्यामुळे ‘टॅक्स वाचवायला करतात’ हे आपलं आवडतं वाक्य निदान या बाबतीत पुरतं खरं नाही.

आता कोण कक्षेत येत नाही ते. महाराष्ट्रात याला फार महत्त्व आहे, कारण आपल्याकडे ग्रामीण भागातला सगळ्यात ओळखीचा कारखाना साखरेचा. सहकारी साखर कारखाना सहकारी संस्था म्हणून नोंदलेला असतो, तो कंपनी नाही. त्याला कलम १३५ लागूच होत नाही. खासगी साखर कारखाना कंपनी असतो, त्याला लागू होतं. म्हणजे एकाच तालुक्यात, एकाच ओढ्यात मळीचं पाणी सोडल्याच्या तक्रारी असलेल्या दोन कारखान्यांपैकी एकाला सीएसआरचा कायदा विचारता येतो आणि दुसऱ्याला येत नाही. स्टेट बँक आणि एलआयसी याही आपापल्या स्वतंत्र कायद्यांनी बनलेल्या संस्था, म्हणून याच्या बाहेर. त्या जे करतात ते स्वतःच्या धोरणाने करतात.

‘स्थानिक’ म्हणजे कुठलं?

कलम १३५ मध्ये स्पष्ट लिहिलंय की कंपनीने जिथे तिचं काम चालतं तो स्थानिक भाग आणि त्याचा परिसर याला प्राधान्य द्यावं. गावाचा सगळा भरवसा या एका वाक्यावर असतो.

त्यात दोन भोकं आहेत. पहिलं म्हणजे ‘जिथे काम चालतं’ यात मुख्यालयही धरता येतं. कारखाना विदर्भात आणि ऑफिस मुंबईत असेल तर मुंबईतल्या एखाद्या रुग्णालयाला दिलेली मदतही स्थानिकच. दुसरं भोक मोठं आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये खुलासा केला की स्थानिक भागाला प्राधान्य ही मार्गदर्शक सूचना आहे, बंधन नाही. पैसा कुठे आणि कशावर खर्च करायचा हे कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं. जिल्हाधिकारी ठरवत नाहीत, पालकमंत्री ठरवत नाहीत, ग्रामसभाही ठरवत नाही. सरकारची आगाऊ मंजुरीसुद्धा लागत नाही. संचालकांनी फक्त कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या विषयांच्या आत राहायचं. ही यादी ऐसपैस आहे : भूक आणि आरोग्य, शिक्षण, स्त्री-पुरुष समानता, पर्यावरण, वारसा, खेळ, ग्रामविकास, झोपडपट्टी विकास, आपत्ती व्यवस्थापन वगैरे.

हा खुलासा मला सुरुवातीला गावांवर अन्याय वाटला होता. नंतर नंदुरबार आणि वाशीमचा विचार केला. सगळ्या कंपन्यांनी फक्त आपल्या दारातच पैसा घातला, तर जिथे कारखाने नाहीत तिथे तो कधीच पोचणार नाही. सीएसआर खर्चाच्या यादीत महाराष्ट्र राज्य देशात सतत सर्वांत वर असतं याचं कारणही हेच, की इथे कंपन्या जास्त आहेत. २०१४-१५ मध्ये देशभरात सुमारे १० हजार कोटींवर असलेला हा खर्च २०२२-२३ पर्यंत जवळपास ३० हजार कोटींवर गेला, पण तो पसरला मात्र उद्योगांच्या मागोमाग. धूर ज्या गावावर पडतो त्याचा हक्क आधी, की जिथे काहीच नाही त्या गावाचा? माझं मत विचाराल तर धुराचा हिशेब सीएसआरमधून मांडायचाच नसतो. तो वेगळ्या खिशातून मांडायचा असतो.

कंपनीचे तीन खिसे

गावाने निवेदन लिहिण्यापूर्वी एवढं समजून घेतलं तरी निम्मं काम होतं. कंपनीकडून परिसरासाठी जे येतं ते तीन निरनिराळ्या खिशांतून येतं, आणि प्रत्येक खिशाचा कायदा वेगळा आहे.

पहिला खिसा अटींचा. मोठ्या प्रकल्पाला १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, आणि १९७४ चा जल कायदा व १९८१ चा वायू कायदा यांखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र घ्यावं लागतं. मंजुरीच्या पत्रात अटींची लांबलचक यादी असते. सांडपाण्यावर प्रक्रिया करा, धूळ दाबायला पाणी मारा, राख अमुक ठिकाणीच टाका, भूजलाचे नमुने तपासा. उद्योगाच्या जागेपैकी ठरलेला हिस्सा (वर्षानुवर्षं तो साधारण ३३ टक्के असायचा) हरितपट्टा म्हणून राखा, ही अट तर नेहमीची. हे सगळं कंपनीने करायचंच आहे. ते केलं म्हणून फीत कापायची नसते, आणि त्याचा खर्च सीएसआरमध्ये दाखवताही येत नाही. २०२१ च्या सुधारित नियमांत सरळ म्हटलंय की दुसऱ्या कायद्याने घातलेली जबाबदारी पार पाडणं हा सीएसआर नव्हे.

आणि नेमकं इथेच गावाची फसगत होते. कुंपणालगत लावलेली झाडं अटीतली असतात, पण त्यांच्यापुढे पर्यावरण दिनाचा फलक लागतो, सरपंचांच्या हस्ते एक रोप लावलं जातं, वर्तमानपत्रात फोटो येतो. पाहणाऱ्याला वाटतं, कंपनीने उपकार केले. उलटही होतं : ओढा काळा झाल्याची तक्रार घेऊन गेलेल्या लोकांना ‘यंदा तुमच्या शाळेला बेंच देतो’ असं उत्तर मिळतं आणि मंडळी बेंच घेऊन परत येतात. काळ्या ओढ्याचा कागद प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जायला हवा होता. बेंचचा कागद वेगळा.

याच खिशात जनसुनावणी येते. बऱ्याच मोठ्या प्रकल्पांना मंजुरीआधी ती घ्यावी लागते (काही औद्योगिक वसाहतींतल्या प्रकल्पांना सूट आहे). किमान ३० दिवस आधी नोटीस निघते, प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवतं आणि जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्षस्थानी असतो. इथे कंपनीने गावासाठी जे कबूल केलं ते इतिवृत्तात लिहिलं जातं. २०१८ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने यासाठी भांडवली गुंतवणुकीच्या टक्केवारीत रक्कमच ठरवून दिली होती. सप्टेंबर २०२० मध्ये ती पद्धत बंद झाली आणि त्याऐवजी सुनावणीत दिलेली वचनं पर्यावरण व्यवस्थापन आराखड्याचा भाग करायची असं ठरलं. थोडक्यात, सुनावणीत नुसतं घोषणा देऊन सभा उधळली तर गावाच्या हाती काही लागत नाही. ‘पाण्याची टाकी बांधून द्या आणि तिची दहा वर्षं देखभाल करा’ हे मागितलं, कंपनीने मान्य केलं आणि इतिवृत्तात आलं, तर ती पुढे मंजुरीबरोबरची जबाबदारी बनते. सीएसआरच्या कुठल्याही निवेदनाला एवढं बळ नाही.

दुसरा खिसा फक्त खाणींच्या भागात असतो, म्हणून चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, गडचिरोलीच्या वाचकांसाठी. २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाणवाल्याने काढलेल्या खनिजाबद्दल सरकारला जी रॉयल्टी द्यायची, तिच्यावर वेगळी रक्कम या प्रतिष्ठानात भरायची : १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांसाठी रॉयल्टीच्या ३० टक्के, नंतर लिलावाने दिलेल्या पट्ट्यांसाठी १० टक्के. नफा होवो न होवो. हा पैसा खाणबाधित भागासाठी आणि लोकांसाठीच वापरायचा असतो. खाणपट्ट्यातल्या गावाने सीएसआरच्या मागे धावताना याच्याकडे पाठ फिरवणं म्हणजे घरचं धान्य कुजत ठेवून उधारीवर जगणं.

तिसरा खिसा म्हणजे आपला सीएसआर. इथे मागता येतं, पटवून देता येतं, पाठपुरावा करता येतो. दावा ठोकता येत नाही.

पैसा आला तरी काम टिकत का नाही

आरओच्या यंत्राकडे परत येतो. ते बंद का पडतं याचं उत्तर नियमांत आहे. सीएसआरमधून उभी केलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. ती सार्वजनिक यंत्रणेच्या, नोंदणीकृत सेवाभावी संस्थेच्या किंवा लाभार्थींच्या बचत गटासारख्या समूहाच्या नावावर करावी लागते. नियम चांगला आहे, नाहीतर कंपन्यांनी या पैशांतून स्वतःच्याच इमारती बांधल्या असत्या. पण त्याचा अर्थ असा की उद्घाटनानंतर यंत्र ग्रामपंचायतीचं होतं आणि विजेचं बिलही. मेम्ब्रेन (यंत्रातला पाणी गाळणारा पडदा) बदलायची वेळ येते तेव्हा कंपनीचा तो प्रकल्प कागदोपत्री केव्हाच पूर्ण झालेला असतो.

झाडांचंही तेच. कायद्याच्या भाषेत ‘चालू प्रकल्प’, म्हणजे एका वर्षात न संपणारं काम, सुरू झालेलं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं चालतो. वड-पिंपळाला हे वेळापत्रक कुणी सांगितलेलं नसतं. चौथ्या उन्हाळ्यात टँकर बंद होतो आणि जाळी शिल्लक राहते. म्हणून वृक्षारोपणाच्या बातमीत ‘किती लावली’ हा आकडा मी वाचतच नाही. तिसऱ्या वर्षी किती जगली आणि त्यानंतर पाणी कोण घालणार, हे विचारलं तर सहसा शांतता पसरते.

त्या मानाने तलावातला गाळ काढणं हे मला सरस काम वाटतं. एक टीसीएम गाळ, म्हणजे हजार घनमीटर, काढला की १० लाख लिटर पाण्याची जागा मोकळी होते. दहा टीसीएम काढला तर एका भरण्यात १ कोटी लिटर. ना बिल, ना मेम्ब्रेन. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेची मूळ मांडणीच अशी होती की यंत्राचा आणि इंधनाचा खर्च सरकारने किंवा सीएसआरने करायचा आणि गाळ शेतकऱ्याने स्वखर्चाने वाहून न्यायचा. स्वतःच्या खिशातून ट्रॅक्टरचं भाडं देणारा माणूस खोदाई कुठवर आली हे रोज बघतो, त्याला वेगळी देखरेख समिती लागत नाही. तलावात पुन्हा गाळ येतो हे खरं, पण वरच्या अंगाला बांधबंदिस्ती असेल तर सावकाश येतो.

मार्च महिन्याची घाई हा आणखी एक रोग. पूर्वी पैसे खर्च झाले नाहीत तर कंपनीने अहवालात कारण लिहिलं की भागायचं. २२ जानेवारी २०२१ पासून ते बंद झालं. आता चालू प्रकल्पाची शिल्लक रक्कम आर्थिक वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायची आणि तीन वर्षांत वापरायची. चालू प्रकल्पच नसेल तर उरलेले पैसे सहा महिन्यांत पंतप्रधान सहायता निधीसारख्या अनुसूचीतल्या निधीत भरायचे. चुकलं तर दंड : भरायच्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी, यांत जे कमी असेल ते. तुरुंगवासाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आली होती, ती अमलात येण्याआधीच काढून टाकली. परिणाम असा की फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘लगेच होईल असं काही सुचवा’ म्हणून फोन फिरतात. लगेच होण्यासारखं म्हणजे बेंच, दप्तरं, सायकली आणि आरओ. गावाकडे तयार आराखडा नसेल तर तेच मिळतं.

काही गोष्टी मागूच नयेत, कारण त्या सीएसआरमध्ये बसत नाहीत. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळा असे एकदाच होणारे कार्यक्रम बसत नाहीत. राजकीय पक्षाला देणगी बसत नाही. फक्त कामगारांच्या फायद्याचं काम बसत नाही. गणपतीच्या कमानीवर कंपनीचं नाव झळकतं तो खर्च जाहिरातीच्या खात्यातला समजावा.

मागायचं कसं

कंपनीचा वार्षिक आराखडा आर्थिक वर्षाभोवती बनतो, म्हणून निवेदन जानेवारीच्या आत गेलेलं बरं. निवेदनात ‘गावाचा विकास व्हावा’ असं लिहू नये. किती घरं, कुठला गट नंबर, जागा कुणाच्या नावावर, काम झाल्यावर कोण चालवणार आणि त्याचा महिन्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या कुठल्या निधीतून जाणार, हे लिहावं. शेवटची ओळ वाचून सीएसआर अधिकारी खुर्चीत सावरून बसतो, कारण ती बहुतेक निवेदनांत नसते. काम संस्थेमार्फत होणार असेल तर त्या संस्थेची सीएसआर-१ अर्जाने कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी हवी. ती नसेल तर कंपनीला इच्छा असूनही पैसे देता येत नाहीत.

माहितीचा अधिकार खासगी कंपनीला लागू नाही, पण प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि सरकारी कंपन्यांना आहे. पर्यावरण मंजुरीची पत्रं ‘परिवेश’ पोर्टलवर असतात, त्यांची प्रत ग्रामपंचायतीला देणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि अटींचं काय केलं याचा सहामाही अहवाल १ जून व १ डिसेंबरला द्यावा लागतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) ती प्रत विचारून पाहा. बहुतेकदा कपाटात असते.

सीएसआरसाठी वार्षिक अहवाल उघडायचा. कंपनीच्या संकेतस्थळावर तो असतो, आणि संचालक मंडळाने मंजूर केलेल्या प्रकल्पांची यादीही तिथे असावी लागते. अहवालाच्या शेवटी सीएसआरचं परिशिष्ट असतं : किती खर्च करायचे होते, किती झाले, किती उरले. त्यात एक तक्ता त्या वर्षी उभ्या केलेल्या मालमत्तांचा असतो, पत्ता, पिनकोड, तारीख, रक्कम आणि नोंदणीकृत मालकाच्या नावासह. त्यात आपल्या गावाचा पिनकोड शोधायचा. एसटी थांब्याजवळच्या आरओची रक्कम तिथे सापडेल, आणि पुढच्या रकान्यात मालक म्हणून बहुधा आपलीच ग्रामपंचायत.